साहेब आणि नवं पोरगं: एकमेकांकडून शिकणारी जोडी लावायची कशी

वाळूजच्या एका कारखान्यात काही वर्षांपूर्वी आम्ही नऊ जोड्या लावल्या. एका बाजूला वीस-पंचवीस वर्षं झालेले साहेब लोक, दुसऱ्या बाजूला नुकती कायम झालेली मुलंमुली. कॉन्फरन्स हॉलमध्ये बॅनर, प्रत्येकाला गुलाबाचं फूल, समोसा, ग्रुप फोटो. तीन महिन्यांनी दोन जोड्या उरल्या. त्यातलीही एक टिकली ती ते दोघं सिडकोतून कंपनीच्या एकाच बसने शेजारी बसून यायचे म्हणून. आमच्या योजनेशी तिचा काही संबंध नव्हता. योजना मीच आखली होती, त्यामुळे दोष दुसऱ्या कुणाला देत नाही.

पुढे चिकलठाण्याला, शेंद्र्याला, जालन्याला, लातूरला हेच काम पुन्हा पुन्हा केलं. कारखाना मोठा असो की साठ माणसांचं वर्कशॉप, चुका त्याच होतात आणि त्याच क्रमाने होतात. म्हणून क्रमानेच सांगतो. हे तुम्ही एचआरमध्ये असाल तर वाचा, प्लान्ट हेड असाल तर वाचा आणि स्वतःच्या धंद्याचे मालक असाल तर आधी वाचा.

## टप्पा १: आधी काम ठरवा, माणसं नंतर

बहुतेक ठिकाणी सुरुवात नावांच्या यादीने होते. 'हे साहेब आणि तो मुलगा एकत्र बसतील.' कशासाठी बसतील ते कुणी सांगत नाही. मग पहिल्या भेटीत घरी कोण कोण असतं याची चौकशी होते, दुसऱ्या भेटीत 'आयुष्यात पुढे जायचं असेल तर' हे प्रवचन होतं आणि तिसरी भेट होतच नाही.

नावं बाजूला ठेवा. दोन याद्या करा.

पहिली यादी जुन्या माणसांच्या हातात, कानात, डोळ्यांत असलेल्या कामांची. ती काढायला एकच प्रश्न पुरतो: 'हा माणूस उद्यापासून पंधरा दिवस गावाकडे गेला आणि फोनही लागेना, तर काय अडेल?' हा प्रश्न त्या माणसाला विचारू नका, तो 'काही नाही अडत' म्हणेल. त्याच्या हाताखालच्यांना आणि त्याच्या पुढच्या खात्याला विचारा. मशीन शॉपमध्ये उत्तर येतं: आवाजावरून इन्सर्ट, म्हणजे टूलचं धातू कापणारं टोक, गेला हे ओळखणं. साखर कारखान्यात येतं: रस आटवायच्या पॅनमधला माल काचेवर घेऊन, उजेडाला धरून दाणा बसला की नाही ते सांगणं. ऑफिसमध्ये येतं: कोणत्या ग्राहकाचा 'बघू' म्हणजे होकार आणि कोणाचा नकार.

दुसरी यादी वरच्यांना येत नसलेल्या आणि गुपचूप कुणाकडून तरी करून घेतल्या जाणाऱ्या कामांची. ही साहेबांना विचारून मिळत नाही. सकाळी साडेआठला साहेबांचा रिपोर्ट 'काढून देणाऱ्या' मुलाला विचारा. त्याला सगळं माहीत असतं. कोणाला ईमेलमधली फाइल सेव्ह कुठे झाली ते सापडत नाही, कोणाला गुगल मीटवर स्क्रीन दाखवता येत नाही, कोण एक्सेलचा प्रिंट काढून त्यावर कॅल्क्युलेटरने बेरीज करतं. यात हसण्यासारखं काही नाही; अशा बेरजा करून लोकांनी कारखाने उभे केलेत. पण तो मुलगा रजेवर गेला की साहेब आंधळे होतात, एवढं खरं.

तपासा: यादीतली प्रत्येक नोंद एका कामाची आहे का? 'डिजिटल कौशल्ये' ही नोंद खोडा. 'रोजच्या रिजेक्शनचा (नापास मालाचा) तक्ता लाइननुसार आणि शिफ्टनुसार स्वतः फिरवून पाहता येणं' ही नोंद ठेवा. 'नेतृत्वगुण' खोडा. 'पुरवठादाराचा माल परत पाठवतानाचं फोनवरचं बोलणं' ठेवा.

अशा कार्यक्रमांचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण जनरल इलेक्ट्रिकचं आहे. जॅक वेल्च यांनी १९९९ मध्ये आपल्या ५०० वरिष्ठ अधिकाऱ्यांना तरुण कर्मचाऱ्यांकडून इंटरनेट शिकायला बसवलं. लोक त्यातला ५०० हा आकडा लक्षात ठेवतात. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की शिकायचा विषय एकच होता आणि तो सगळ्यांना ठाऊक होता.

## टप्पा २: जोडी लावणे

पहिल्या फेरीत चार-पाचच जोड्या घ्या. नऊ घेऊन काय झालं ते वर सांगितलंच. जोडी लावताना पुढच्या गोष्टी पाहा.

ज्याच्या हातात त्या मुलाचं अप्रेझल आहे तो साहेब त्याच्या जोडीत नको. हा एकमेव नियम मी कधीच मोडू देत नाही. इन्क्रिमेंट ज्याच्या सहीने ठरतं त्याला 'सर, तुम्ही चुकीच्या ठिकाणी क्लिक करताय' असं कोणता मुलगा म्हणेल? तो म्हणेल, 'सर, मी करून देतो.' झालं, शिकणं संपलं.

दोघांची खाती शेजारची असावीत. क्वालिटीचा मुलगा आणि प्रॉडक्शनचे साहेब, खरेदीची मुलगी आणि मेंटेनन्सचे साहेब, असं. फार लांबची खाती घेतली तर बोलायला समान काम उरत नाही.

गाववाले एकत्र घालू नका. आपल्याकडे ही सवय हाडात मुरली आहे: 'तो आपल्या अंबाजोगाईचा आहे, त्याला माझ्याकडे द्या.' ऐकायला गोड वाटतं. पण बाकीचे लगेच हिशोब मांडतात, कोण कोणाचा माणूस ते ठरतं आणि शिकण्याची जोडी ही गटबाजीची जोडी होऊन बसते. तालुका, पाहुणेसंबंध, जात, कॉलेज यातलं काहीही जोडीचं कारण असता कामा नये, आणि तसं दिसताही कामा नये.

मुलगी आणि पुरुष साहेब अशी जोडी असेल तर भेट शिफ्टच्या वेळेत आणि चार लोक ये-जा करतात अशा जागी. बस सुटल्यावर 'थोडं थांब' नको. आणि तिला जोडी बदलून मागायची असेल तर कारण विचारायचं नाही. हाच हक्क मुलांनाही द्या, म्हणजे कुणी वेगळं पडत नाही.

सावध: साहेबांना नाव द्यायची सक्ती करू नका. एखाद्या प्लान्ट हेडने वरून आदेश आला म्हणून नाव दिलं की तो भेटीच्या वेळी हमखास 'मीटिंगमध्ये' असतो. जो स्वतःहून आला त्याच्यापासून सुरुवात करा. दोन महिन्यांत बाकीचे विचारायला येतात, 'तुम्ही लोक कँटीनच्या शेजारी काय करत असता?'

## टप्पा ३: तयारी, दोघांची वेगवेगळी

दोघांना एकत्र बसवून सूचना देऊ नका. एकत्र दिल्या की साहेब मान डोलावतात, मुलगा वहीत लिहितो आणि दोघांनाही जे विचारायचं असतं ते राहून जातं.

साहेबांशी बोलताना. अर्धा तास पुरतो. त्यांच्याकडून एक वाक्य तोंडाने म्हणवून घ्या: 'हे मला येत नाही, दाखव.' हसू नका, खरंच म्हणवून घ्या. पंचवीस वर्षं उत्तरं देण्यात गेलेल्या माणसाच्या तोंडात हे वाक्य सहज बसत नाही. पहिल्यांदा 'मला येत नाही असं नाही, पण...' असं बाहेर पडतं. तिसऱ्या-चौथ्या वेळी सरळ येतं. शिवाय त्यांना सांगा की भेटीत फोन उलटा ठेवायचा आणि मुलाचं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबायचं. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड जाते.

मुलांशी बोलताना. यांना जास्त वेळ द्या. आपल्याकडची हुशार मुलं उत्तर देण्यात तयार झालेली असतात. लातूर पॅटर्नमधून आलेला मुलगा कोणताही प्रश्न सोडवेल, पण प्रश्न विचारणं त्याला कुणी शिकवलेलं नसतं. त्यात घरची शिकवण: मोठ्यांपुढे बोलू नये. तेव्हा विचारण्याची भाषाच त्यांना आयती द्या. 'तुम्ही असं का करता?' हा प्रश्न आपल्या कानाला जाब विचारल्यासारखा लागतो. त्याऐवजी 'हे करताना तुमचं लक्ष कशाकडे असतं?' असं विचारायला सांगा. उत्तर वेगळंच आणि जास्त कामाचं मिळतं.

हाक मारण्याचा प्रश्न नेहमी निघतो. पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांसारखं सगळ्यांनी एकमेकांना नावाने हाक मारावी असा हट्ट एका ठिकाणी धरला गेला होता. आठवडाभर कोणीच कोणाला हाक मारली नाही, खाकरून लक्ष वेधायचे. जी हाक आहे ती राहू द्या. शॉपवर 'मामा', 'काका', ऑफिसात 'सर', 'मॅडम' आणि साहेबांनी पोराला 'तू'. 'तू'ने शिकणं अडत नाही. 'तुला काय कळतंय' ने अडतं.

मधल्या माणसाशी बोलताना. शिफ्ट इन्चार्ज किंवा सेक्शन हेड जोडीत नसतो, पण जोडी मोडायची ताकद त्याच्याकडेच असते. त्याचा माणूस आठवड्यात एक तास लाइनवरून जातो आणि टार्गेट मात्र तेच राहतं. त्याला आधी भेटा. तो तास शिफ्टच्या रोस्टरवर लिहून घ्या, तोंडी नको. आणि त्या तासाचं उत्पादन त्याच्या टार्गेटमधून कमी करा. हे प्लान्ट हेडकडून मान्य होत नसेल तर कार्यक्रम सुरूच करू नका. मी गंमतीने सांगत नाही.

वेळेबद्दल: महिन्याचा शेवटचा आठवडा डिस्पॅचचा असतो, तो टाळा. मार्च टाळा. पोळा, गणपती, १७ सप्टेंबरची मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी आणि दिवाळी आधीच कॅलेंडरवर मांडा, नाहीतर सलग दोन भेटी बुडतात आणि मग तिसरीला कोणी येत नाही. साखर कारखान्यात पॅनवरचं काम शिकायचं असेल तर ते गाळप हंगामातच शिकता येतं. साहेबांनी संगणकावर बसायचं ते मात्र हंगाम उरकल्यावर, ओव्हरहॉलिंगच्या दिवसांत. तिथे दोन्ही एकाच वेळी होत नाहीत.

तपासा: सुरू करण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर आहेत का? जोडीचं एकेक काम, रोस्टरवरचा तास, आणि पहिल्या सहा भेटींच्या तारखा. यातलं एक नसेल तर एक आठवडा थांबा.

## टप्पा ४: पहिली भेट, आणि आधी साहेब शिकणार

क्रमातली सर्वात मोठी चूक इथे होते. सगळ्यांना वाटतं की आधी ज्येष्ठांनी शिकवावं, तेच रीतीला धरून. पण एकदा साहेब गुरू झाले की पुढच्या भेटीत त्यांना शिष्य करणं कुणाच्या बापाला जमत नाही. मुलगाही ऐकणाऱ्याच्या भूमिकेत पक्का बसतो. म्हणून पहिल्या दोन भेटींत शिकणार ते साहेब.

जागा साहेबांची केबिन नको. त्या खुर्चीतून माणूस बदलत नाही. क्वालिटी लॅबचं टेबल, स्टोअरमधला संगणक, कँटीन रिकामं असताना तिथला कोपरा, काहीही चालेल. साहेबांच्या समोर बसू नका, शेजारी बसा.

वेळ चाळीस मिनिटं. काम एकच आणि साहेबांच्या रोजच्या उपयोगाचं.

आणि हा नियम मुलाने पाठ करायचा: माउसला हात लावायचा नाही. एका भेटीत मी मुद्दाम मागे उभा होतो. छपन्न वर्षांचे प्रॉडक्शनचे साहेब, चश्मा नाकाच्या टोकावर, समोर महिन्याच्या रिजेक्शनची एक्सेल शीट. पिव्होट टेबल, म्हणजे आकडे हवे तसे गटवार मांडणारा तक्ता, करायचं होतं. साहेबांचा बाण स्क्रीनवर भलतीकडेच फिरत होता आणि शेजारच्या मुलाचा हात तीन वेळा माउसकडे जाऊन परत मांडीवर आला. शेवटी त्याने दोन्ही हात मांडीखाली घातले. 'सर, वरती इन्सर्ट लिहिलंय ना, तिथे.' साहेब म्हणाले, 'इन्सर्ट म्हणजे आपला टूलचा का?' दोघं हसले. साहेबांनी क्लिक केलं, मशीन नंबर एका बाजूला ओढला, शिफ्ट दुसऱ्या बाजूला. तक्ता उमटला. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, 'सात नंबरला रात्रीच का जातंय एवढं?' तो डेटा महिनाभर त्यांच्याच मेलमध्ये पडून होता.

मुलांसाठी आणखी दोन गोष्टी. 'सोप्पं आहे, सर' हे म्हणायचं नाही. सोपं असूनही आपल्याला येत नाही, असा त्याचा अर्थ समोरच्याला लागतो. आणि शॉर्टकट दाखवायचे नाहीत. एकाच कामाचे तीन मार्ग सांगितले की एकही लक्षात राहत नाही.

एआयची साधनं शिकायची असतील तर साहेबांनी पहिला प्रश्न असा विचारावा ज्याचं उत्तर त्यांना वीस वर्षांपासून पक्कं माहीत आहे. साधन कुठे बरोबर बोलतं आणि कुठे आत्मविश्वासाने थापा मारतं हे दहा मिनिटांत कळतं. हे मुलालाही कळत नव्हतं, कारण उत्तर तपासण्याइतकं काम त्याने अजून पाहिलेलं नसतं. या एका प्रयोगात दोघंही शिकतात.

सावध: ग्राहकाचं ड्रॉइंग, दरपत्रक, कामगारांची माहिती अशा साधनात टाकायची नाही. मोठ्या वाहन कंपन्यांना माल देणाऱ्यांनी गोपनीयतेच्या करारावर सही केलेली असते. मुलांना तो करार कुणी दाखवलेला नसतो. साहेबांनी पहिल्याच भेटीत दाखवावा.

## टप्पा ५: आता मुलगा शिकणार

तिसऱ्या भेटीपासून भूमिका बदला. इथे अडचण दुसरी असते. जुन्या माणसाला काम येतं, पण सांगता येत नाही. 'आवाज येतो ना वेगळा' एवढंच तो सांगतो. कसा वेगळा? 'वेगळा म्हणजे वेगळा.' हा खवचटपणा नाही. हातात बसलेली गोष्ट शब्दांत येत नाही, एवढंच.

ती बाहेर काढायला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन कारखान्यांत तयार झालेली आणि पुढे टोयोटाने टिकवलेली चार पायऱ्यांची पद्धत अजूनही चालते. शिकणाऱ्याला तयार करा, काम करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, मग हळूहळू मागे व्हा. त्यात मी आमच्याकडचे बदल केलेत, ते असे.

पहिल्यांदा न बोलता दाखवा. मामांनी काम करायचं, मुलाने नुसतं पाहायचं आणि आपल्याला काय दिसलं ते नंतर सांगायचं. जे त्याला दिसलंच नाही तेच शिकवायचं असतं.

दुसऱ्यांदा तीन गोष्टी बोलत करा: काय करतोय, त्यात जपायचं काय, आणि का. 'का' हे बहुतेक लोक गाळतात. कारण माहीत नसलेला मुलगा महिन्याभरात ती पायरी 'उगाच आहे' म्हणून सोडून देतो.

मग मुलाने करायचं आणि मुद्दाम चुकीचं करायचं. ही माझी आवडती युक्ती. मामांना सांगा, 'पोरगा चुकणार आहे, जिथे चुकेल तिथे अडवा.' जो माणूस अर्धा तास काही सांगू शकला नव्हता तो एका सेकंदात ओरडतो, 'अरे, तिथं नको धरू!' का नको? 'तिथं धरलं की पीस तिरका बसतो.' सापडलं. लिहून घ्या.

सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, हे जवळून पाहिलंय. मामा कान देऊन उभे, मुलगा स्क्रीनवरच्या स्पिंडल लोडकडे, म्हणजे मशीनवर किती ताण येतोय त्या आकड्याकडे, बघत. 'आता बदलायलाय बघ आवाज. ऐकू येईना का रे तुला?' मुलाला काही ऐकू येत नव्हतं, पण त्याने लोडचा आकडा लिहून घेतला. मामा दर वेळी 'आता' म्हणायचे, तो दर वेळी आकडा लिहायचा, सोबत खाली पडणाऱ्या चिपचा, म्हणजे धातूच्या किसाचा, रंगही. दोन आठवड्यांनी मामांच्या 'आता'ला आकडा मिळाला होता आणि मुलाच्या कानाला आवाज. आकडे बघून मामा म्हणाले, 'म्हणजे मी इतकी वर्षं बरोबरच होतो की.' मुलाने नंतर मला सांगितलं की दोन वेळा ते लवकर बोलले होते. त्यांना सांगितलंस का? 'नाही सर, चहाला सांगतो.'

प्रत्येक कामाचा एक कागद तयार करा. ए-फोर, एकच बाजू, मराठीत, मुलाच्या अक्षरात, मामांच्या शब्दांत. 'टूलची स्थिती तपासणे' असं नको. 'आवाज चिरका झाला की थांबायचं' असं हवं. व्हिडिओ काढायचा असेल तर विचारून काढा, आणि हातांचा काढा, तोंडाचा नको. कॅमेरा तोंडावर आला की माणूस भाषण द्यायला लागतो.

सावध: इलेक्ट्रिक पॅनल, प्रेस, फर्नेस, बॉयलर, उंचीवरचं काम इथे 'मुद्दाम चुकीचं' करायचं नाही. तिथे बंद मशीनवर, कुलूप लावून आणि नेहमीच्या परमिटनेच काम दाखवा.

## टप्पा ६: दोघांचं मिळून एक काम

इथपर्यंत आलेली जोडी आता एकमेकांना थोडी ओळखते. आता त्यांना असा प्रश्न द्या ज्याचं उत्तर दोघांपैकी एकाकडेही पूर्ण नाही.

लातूरकडच्या एका डाळ-सोयाबीन व्यवहारातलं उदाहरण देतो. खरेदी पाहणारे काका सोयाबीन दाताखाली फोडून ओलावा सांगायचे. नवी लागलेली कृषी पदवीधर मुलगी मीटर घेऊन यायची. रोज वाद. सरकारी खरेदीत ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के, २०२४ च्या हंगामात ती १५ पर्यंत सैल केली गेली. खासगी व्यवहारातही ओलाव्यावर भाव तुटतो, त्यामुळे एका टक्क्याचा फरक म्हणजे शेतकऱ्याशी भांडण. त्यांना सांगितलं: वीस नमुने घ्या. आधी काकांनी चावून आकडा चिठ्ठीवर लिहायचा, घडी घालायची. मग मीटर. मग चिठ्ठी उघडायची.

कोरड्या मालात काका जवळजवळ मीटरसोबत होते. ओल्या मालात त्यांचा अंदाज कमी निघायचा, म्हणजे तिथे मीटर हवाच. पण काही पोत्यांत मीटर कोरडं दाखवत असताना काका मान हलवत होते. 'वरचा माल हाय तो. मधून काढ.' मुलगी ओंजळ वरून भरून घ्यायची. वरचं उन्हात सुकलेलं असतं. पोकळ सळई पोत्याच्या मधोमध खुपसून नमुना काढल्यावर मीटरही काकांच्या बाजूने बोलू लागलं. आणि खडे, माती, दुसऱ्या जुन्या मालाची मिसळ हे मीटरला कळणारच नव्हतं. तिथून पुढे ठरलं: नमुना काका काढणार, आकडा मीटरचा, आणि मीटर दर आठवड्याला ठरलेल्या नमुन्यावर तपासायचं.

तुमच्याकडे असा प्रश्न शोधताना तीन गोष्टी पाहा. तो आकड्यात मोजता यावा, महिन्यात उरकावा आणि त्याच्यावरून आधीपासून वाद चालू असावा. वाद असलेलं काम बघून लोक घाबरतात. उलट तेच घ्या, कारण दोघांनाही आपली बाजू सिद्ध करायची हौस असते.

तपासा: अंदाज आधी लिहिले जात आहेत का? मोजमाप पाहून 'मी हेच म्हणत होतो' म्हणायला जागा ठेवली की प्रयोग वाया गेला.

## टप्पा ७: मतभेद आणि नुकसान

चार लोकांसमोर साहेबांना चूक दाखवायची नाही. हे काहींना जुनाट वाटेल, वाटू द्या. टपरीवर किंवा पंधरा मिनिटांनी बाजूला घेऊन सांगितलेलं साहेब ऐकतात. शॉपवर सांगितलेलं ते आयुष्यभर लक्षात ठेवतात. अपवाद एकच: कुणाच्या अंगाला धोका असेल तर तिथल्या तिथे, मोठ्याने.

साहेबांसाठीही तेवढाच कडक नियम. मुलाची कल्पना आवडली तर ती वरच्या मीटिंगमध्ये त्याच्या नावाने सांगायची. एकदा मी एका साहेबांना मुलाचा तक्ता स्वतःचा म्हणून दाखवताना पाहिलं. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, पण तो मुलगा त्यानंतर भेटीला येतच राहिला आणि काहीच बोलला नाही. रिकाम्या खुर्चीपेक्षा ही अवस्था वाईट, कारण रजिस्टरवर हजेरी पूर्ण दिसते.

शिकताना पीस खराब होणारच. पहिल्या फेरीसाठी ठरावीक पीस किंवा ठरावीक रक्कम आधीच 'शिकण्याची' म्हणून लिहून ठेवा आणि ती कुणाच्याही अप्रेझलला चिकटणार नाही हे लेखी द्या. तोंडी दिलेला शब्द ऑडिटच्या दिवशी कुणालाच आठवत नाही.

## टप्पा ८: नव्वद दिवसांनी तपासणी

फीडबॅक फॉर्म भरून घेऊ नका. आपल्याकडे त्यात सगळे पाचपैकी पाच देतात. वाईट लिहायचं कशाला, असा आपला स्वभाव.

त्याऐवजी एक दिवस ठरवा आणि त्या दिवशी मुलाला दुसऱ्या कामावर पाठवा. साहेबांनी सकाळचा तक्ता स्वतः काढला का? दुसऱ्या दिवशी मामांना सुट्टी द्या. मुलाने इन्सर्ट वेळेवर बदलला का? दोन्हींची उत्तरं हो असतील तर जोडी यशस्वी, आणि ती मोडा. होय, मोडा. चाललेली जोडी तशीच ठेवली की वर्षभरात ती गप्पांची होते आणि बाकीचे तिला लाडकी जोडी म्हणू लागतात. मुलाला नवा ज्येष्ठ द्या, साहेबांना नवा तरुण. एका बाजूचंच उत्तर हो असेल तर आणखी सहा भेटी, फक्त अडलेल्या कामासाठी. दोन्ही नाही असतील तर बहुधा टप्पा एकमध्ये काम चुकीचं निवडलं गेलं होतं. माणसांना दोष देण्याआधी तिथे परत जा.

मोठी माणसं निवृत्त व्हायच्या शेवटच्या महिन्यात हे सुरू करण्याची पद्धत फार आहे. ५८ किंवा ६० ला निघायचं असेल तर दोन वर्षं आधी सुरू करा. शेवटच्या महिन्यात त्या माणसाचं चित्त पीएफच्या कागदांत आणि निरोप समारंभात असतं, आणि ते साहजिक आहे.

राहिला तो ए-फोर कागद. तो एचआरच्या कपाटात ठेवला की संपला. मशीनशेजारी, प्लास्टिकच्या कव्हरमध्ये, डोळ्यांच्या उंचीवर लावा. खाली दोघांची नावं आणि तारीख. पुढे कुणाला त्यात बदल करावासा वाटला तर पेनने खोडून वर लिहायचं, शेजारी आपलं नाव. खोडाखोड फार झाली की नवा कागद लिहा आणि जुना फाडू नका, त्याच्याच मागे टाचून ठेवा.